द्वारकाबाईची गत

नजमुन्निसाबींच्या घराण्याची मूळ गत, म्हणजे सतारीवरची ठरलेली बंदिश, नेमकी कशी होती? प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. उत्तरायुष्यात ते त्यांनाही देता येईना.

निजामी अमलात औरंगाबादच्या शहागंजात नजमुन्निसाबी मुलींना सतार शिकवीत. वडिलांचा दंडक असा, की घराण्याची गत एका सुराचाही फरक न करता वाजवेल, त्याच शिष्याच्या मनगटाला गंडा बांधायचा. तो दोरा बांधला की शिष्य घराण्याचा. नजमुन्निसाबींना दंडक मान्य होता. धडा मात्र त्या हात पाहून देत. सगीराची बोटे चपळ, म्हणून तिची गत दुप्पट लयीत. द्वारकाबाईचे डावे मधले बोट कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेले. तिच्यासाठी त्यांनी जलद ताना गाळल्या आणि तर्जनीने तार ओढून काढायचे लांब सूर तिथे बसवले. मूळ गत मागाहून देईन, असे दोघींनाही सांगून ठेवलेले.

घराण्याचा गंडा बांधण्याचा हक्क नजमुन्निसाबींकडे ठेवावा की नाही, हे ठरवायला १९४१च्या हिवाळ्यात हैदराबादेहून थोरले चुलतभाऊ मोहियोद्दीन आले. सगीराचे ऐकून घोडी चांगली आहे, लगाम तेवढा राहिला, असे म्हणून हसले. द्वारकाबाईचे ऐकताना हसले नाहीत.

“नज्जो, आता तू वाजव. चचाजाननी दिली तशी.”

त्यांनी डोळे मिटून वाजवली. कुठे अडखळल्या नाहीत. डोळे उघडले, तेव्हा भाऊ त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

“तुझं मधलं बोट तर शाबूत आहे ना?”

सबंध गत त्यांनी एकट्या तर्जनीने वाजवली होती. पुन्हा बसल्या, हात पुन्हा त्याच वाटेने गेला. भावाने रागावल्यावाचून गंड्याच्या दोऱ्याची लड उचलली आणि शेरवानीच्या खिशात घातली.

ते गेल्यावर द्वारकाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. “माझ्यामुळं झालं का आपा?”

“नाय. तुला शिकवता शिकवता तीच हातात बसली. उद्या ये.”

आता रडू येईल, असे वाटून नजमुन्निसाबी थोडा वेळ थांबल्या. आले नाही. सतारीवर गिलाफ चढवून त्या चूल पेटवायला गेल्या. कुणी विचारले तर भाऊ येऊन गेले, एवढेच सांगत.

शिकवणी चालूच राहिली. गंडा त्यांनी कुणालाही बांधला नाही. १९६२ साली त्या वारल्या.