मंदाक्षी नदीचा सौदा

आमच्या साडूंनी आयुष्यात जेवढी सिंहासनं उलथून टाकली तेवढी कुठल्या बादशहानंही टाकली नसतील, आणि घरातल्या पंख्याचा वेग वाढवायचा झाला तर मात्र ते आधी स्वयंपाकघराकडे बघून घेत. मी त्यांना अण्णा म्हणायचो. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांची बायको. तिला सगळे अक्का म्हणतात. अण्णांची नोकरी कुर्डुवाडीला, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. सोलापूरहून रोज गाडीनं जाणं-येणं. त्या प्रवासात इतर लोक पत्ते खेळत, झोपत, भांडत. अण्णांनी तेवढ्या वेळात एक अख्खं जग वसवलं. त्यात तारकोट आणि वज्रपूर अशी दोन राज्यं, मधून वाहणारी मंदाक्षी नदी, आणि त्या नदीच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली कारस्थानं. यातलं काहीच कुठल्या नकाशात नाही. पण कुठल्या घाटात किती पहारेकरी असतात हे अण्णा असं सांगत, की जणू काल तिथूनच आले. या जगावर त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली. त्यांत तलवार फारशी निघत नाही. माणसं बसून बोलतात, हसतात, एकमेकांना पान देतात, आणि उठतात तेव्हा कुणाचं तरी राज्य गेलेलं असतं.

त्यांना सगळीकडे दरबार दिसायचा. एका लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. मी माझ्या पोळीकडे बघत होतो आणि अण्णा समोरच्या पंगतीकडे. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाले, मुलीच्या चुलत्याला पहिल्या पंगतीला बसवलं नाही, या घराण्यात फूट पडणार. फूट पडली की नाही मला माहीत नाही, पण पुढच्या पुस्तकात एका राजाच्या चुलत्यानं जेवणाच्या अपमानावरून किल्ला फितवला. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या फरकानं येतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. पाण्याच्या दिवशी त्यांच्या बिल्डिंगीत मोटारीवरून जी भांडणं होत, ती अण्णा खुर्ची टाकून ऐकत आणि वर तारकोटला नेऊन पोचवत. एकदा अक्का शेंगाचटणी कुटत होत्या. अण्णा बराच वेळ शेजारी उभे. मग अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, या तिखटात विषाची चव लपेल का? अक्कांनी मुसळ खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमाला आज जेवायचं हाय की न्हाय, तेवढं सांगा."

या माणसाला मी फार आवडायचो, हे माझं दुर्दैव. मी सांगोल्याचा. डाळिंबाच्या पाट्या डोक्यावर घेऊन विकण्यापासून सुरुवात केली, आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे स्वतःचे माग आहेत, टॉवेल बाहेरच्या राज्यांत जातात. हे सगळं मी जिभेवर आणि रागावर उभं केलं. शाळेत मला कुणी हुशार म्हटलं नाही, पण बाजारात माझ्यासमोर बसणाऱ्याला घाम फुटायचा. अण्णा मला घरी बोलवायचे, कडक भाकरी आणि दही पुढं ठेवायचे आणि विचारायचे, परवाचा तो सौदा कसा जमवला, पहिल्यापासून सांगा. मीही मूर्ख, सांगत बसायचो. आपलं कौतुक ऐकायला कुणाला नको असतं? माझा एक खास डाव होता. भाव जमेना की मी संतापून उठायचो, दुकानाच्या बाहेर पडायचो, पण पिशवी तिथंच सोडायचो. समोरच्याला पिशवीच्या निमित्तानं हाक मारता येते, त्याची मान खाली जात नाही, आणि मलाही परत यायला तोंड राहतं. परत आलेला माणूस पहिल्यापेक्षा चांगला भाव घेऊन जातो. हे मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, अण्णांना सांगितलं.

त्यांनी ते छापलं. वज्रपूरच्या राजाला चंडकेतू नावाचा एक तापट अमात्य दिला, त्याला माझा आवाज दिला, माझं टक्कल दिलं, आणि शत्रूच्या तंबूतून तो तरातरा निघून जातो तेव्हा आपली शाल मागं ठेवतो असं दाखवलं. एवढ्यावर भागलं असतं. सोलापुरात अण्णांची पुस्तकं विकत घेणारे फारसे नव्हते. पण त्यांची एक खोड होती, कुणाच्याही लग्नात ते आहेर म्हणून आपलंच पुस्तक द्यायचे. असंच एक पुस्तक एका सुताच्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात गेलं. मुलीनं वाचलं नाही, बापानं वाचलं. आणि माझं नशीब असं, की पुढच्याच महिन्यात मी त्याच्याकडे सूत घ्यायला गेलो. भाव ताणला, आवाज चढवला, उठलो, पिशवी सोडून बाहेर आलो. हाक यायची वाट बघत चपला जरा सावकाश घातल्या. तर तो व्यापारी स्वतः पिशवी घेऊन मागं आला, माझ्या हातात दिली, मुजरा केला आणि म्हणाला, "अमात्य, सामान विसरू नये."

सगळ्या बाजारादेखत ते झालं. टेम्पोवाले तिथंच मला अमात्य म्हणायला लागले. मी त्याच पावली अण्णांच्या घरी गेलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात म्हणालो, घरात बसून राज्यं चालवणाऱ्याला दुकान चालवणं काय कळणार म्हणालो. अण्णा मला निरखून बघत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "साडूभाऊ, एक विचारू? ओरडताना तुमचा उजवा हात आधी वर जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. लग्नाकार्यात भेट झाली तर दुसऱ्या दारानं निघायचो. दोघी बहिणी फोनवर बोलत, तेही आवाज खाली ठेवून. माझा राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. विचारून लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मधल्या वर्षांत दुसरं कुणीही मला सौदा कसा केला हे पहिल्यापासून विचारलं नाही. माझी मुलं भाव विचारतात आणि मोबाइलमध्ये बघतात.

यंदा उन्हाळ्यात अक्कांचा फोन आला. अण्णांचं हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी जिना बंद केला होता. शेवटचं पुस्तक लिहीत होते. दोन्ही राज्यं मंदाक्षीच्या पाण्याचा तह करायला बसली होती आणि तिथंच गाडी अडली होती. अक्का म्हणाल्या, "तो तुमचा अमात्य तोंडच उघडंना म्हणत्यात. तुमी या की."

रविवारी गेलो. अण्णा खाटेवर, अंगावरचा सदरा कुणा दुसऱ्याचा वाटावा असा सैल. भांडणाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. बसा म्हणाले, मी तारकोट, तुम्ही वज्रपूर, नदी कुणाची ते ठरवू. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणालो, "घ्या अण्णा. नदी तुमची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदा बघितलं.

"मी आजारी आहे म्हणून देताय ना? माझ्या राज्यानं आजवर कुणाची भीक घेतलेली नाही, साडूभाऊ. नीट बसा."

मग मी नीट बसलो. म्हणालो, पावसाळ्याचं सगळं पाणी तुम्हाला, उन्हाळ्याचं आम्हाला. ते म्हणाले, मग उन्हाळ्यात आमच्या प्रजेनं प्यायचं काय? मी म्हणालो, टँकर मागवा. अण्णा इतके हसले की अक्का पाणी घेऊन धावत आल्या आणि माझ्यावर डोळे वटारले. पुढं मी उठलो, ओरडलो, त्यांच्या पूर्वजांचा उद्धार केला. ते एकेक घाट सोडत गेले, पण एक बंधारा मात्र सोडेनात. ऊन कलायला लागलं. अण्णा दमले होते, तोंडावर मात्र तेज होतं. म्हणाले, आज मिटवून टाकू या. मी म्हणालो, नाही. अडलेला सौदा त्याच दिवशी मिटवायचा नसतो, समोरच्याला घरी जाऊन विचार करू द्यायचा, मग तो नरम पडतो. हा नियम त्यांना नवीन होता. त्यांनी तो लगेच लिहून घेतला आणि म्हणाले, ठीक, पुढच्या रविवारी.

नरम मीच पडलो. एमआयडीसीत मागांच्या खडखडाटात उभा राहून मी ठरवलं होतं, बंधारा त्यांचा, आणि थोडी ओढाताण करून उन्हाळ्याचं पाणीही द्यायचं. कसं ओरडायचं आणि कुठं नमायचं ते जुळवून ठेवलं होतं. रविवार यायच्या आतच अण्णा गेले.

अक्का म्हणतात, काय ठरलं होतं तेवढं तरी तुमी लिवून द्या, पुस्तक पुरं होईल. मी काय लिहिणार? ठरलं काहीच नव्हतं, आणि एकट्यानं सौदा करता येत नाही. इकडे नळाला पाणी आलेलं नाही, बिल्डिंगीत भांडणं चालू आहेत, आणि एक अख्खी भरलेली नदी माझ्याकडे पडून आहे. ती घ्यायला आता समोर कुणी नाही.