ओळखखूण निरंक

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस पुसट झाल्या. ही एक तेवढी जात नाही.

होटगीकडचा एक म्हातारा मेंढपाळ ठाण्यात आला. लग्न झालेली मुलगी आदल्या दिवसापासून बेपत्ता होती. ठाणे अंमलदाराने मिसिंग नोंदवली, मी सही केली. तिसऱ्या दिवशी खबऱ्या म्हणाला, "साहेब, नवऱ्यासंगं लई भांडण झालं व्हतं." आम्हाला तेवढे पुरले. जावयाला रोज सकाळी बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे.

"भांडलो, व्हय. हात न्हाय लावला. मावशीकडं जाते म्हणाली की."

"मग पोचली का नाही?"

"ते तुमी शोधायचं का मी?"

यावर हवालदाराने त्याला एक ठेवून दिली. प्रश्न मात्र रास्त होता.

म्हातारा रोज बाहेरच्या बाकावर येऊन बसे. "घावली का?" एवढेच विचारी.

आमच्याकडे नवा सायबर कक्ष होता. फीत कापून, नारळ फोडून त्याचे उद्घाटन झाले होते. खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू लागे, एरवी त्यावर प्लास्टिकचे आवरण असे. अकराव्या दिवशी नव्याने आलेल्या महिला शिपायाने ते काढले. त्याआधी ती बाकापाशी जाऊन आली होती.

"आजोबा, तिच्या अंगावर काही खूण?"

"डाव्या मनगटावर बिरोबा गोंदलाय."

आम्ही तोवर फोनवरून मुलीचे नाव सांगून शोधत होतो. ती म्हणाली, "सर, जिला नाव सांगता येत नसेल, ती नावाने कशी सापडेल?" तिने 'बिरोबा' आणि 'गोंदलेले' हे शब्द दुहेरी अवतरणात घातले, म्हणजे नेमके तेच शब्द हवेत. 'साईट' ही खूण टाकून सरकारी संकेतस्थळांपुरते कुंपण घातले. 'फाईलटाईप' टाकून फक्त पीडीएफ मागितल्या. चार मिनिटे लागली.

शेजारच्या जिल्ह्यातल्या पोलिसांनी टाकलेली अनोळखी व्यक्तींची यादी निघाली. अनोळखी स्त्री, वाहनाची धडक, सरकारी रुग्णालयात बेशुद्ध. डाव्या मनगटावर बिरोबा.

मी फोन लावला. तिकडचा अंमलदार म्हणाला, "काल गेली, साहेब. इतके दिवस होती, कुणी आलंच नाही. तुम्हालाही बिनतारी संदेश पाठवला होता की."

फाईल काढली. संदेश होता. त्यावर आमचा शेरा: 'वर्णन जुळत नाही.' जुळणार कसे? आमच्या मिसिंगच्या नोंदीत ओळखखुणेच्या रकान्यात ठाणे अंमलदाराने सवयीने 'निरंक' लिहिले होते. रकाना रिकामा राहिला तर वरिष्ठ विचारतात. निरंक असेल तर कोणी विचारत नाही. दोन्ही कागदांवर सही माझी.

जावयाला घरी पाठवले. माफी मागण्याचा रकाना आमच्याकडे नाही.

म्हाताऱ्याला मीच सांगितले. तो म्हणाला, "पैल्या दिशीच सांगितलं व्हतं की, सायेब. त्यांनी लिवलं न्हाय?"

त्याला वाचता येत नव्हते.

"लिहिलं होतं," मी म्हणालो.

नोकरीत मी पुष्कळांचे खोटे पकडले. हे कुणी पकडले नाही.

पुढे त्या शोधाबद्दल आमच्या ठाण्याला प्रशस्तिपत्र मिळाले. दडलेली माहिती कौशल्याने उजेडात आणली, असे त्यात छापले होते. मला एवढेच कळले की ती दडलेली नव्हती. ती दोनदा माझ्या टेबलावर आली होती. दुसऱ्यांदा बिनतारीने, आणि पहिल्यांदा होटगीहून पायी.