आंधळा हात

माळावर धनगरांचा तळ पडला होता. एक मेंढी अडली होती. तिच्यापाशी बसलेल्या साळूमावशी रबरी हातमोजा चढवताना माझ्याकडे बघून कुरकुरत होत्या, "ह्यो घातला की हात आंधळा होतोय बघा."

मेंढ्या गाभडायच्या, दिवस भरण्याआधीच गर्भ टाकायच्या, आणि माणसांचे सांधे धरायचे; ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. तळातळावर हेच. थंडीवाऱ्याचं दुखणं म्हणून सगळे सोसत आले. यंदा डॉक्टरांनी मेंढ्यांबरोबर मावशींचंही रक्त तपासलं, तेव्हा दोन्हींत एकच रोग निघाला: ब्रुसेलोसिस, मेंढी विताना तिच्या स्रावातून माणसाला लागणारा. औषधानं मावशी उठल्या. मोजे तेव्हापासूनचे.

ज्या हातांनी आयुष्यभर कोकरं जगात आणली, त्या हातांना आता झाकून घ्या म्हणायचं! माया आणि रोग एकाच वाटेनं येतात, हे मला तरी कुठे चटकन पचलं असतं?

मावशींनी डोळे मिटले आणि हात आत घातला. थोड्या वेळानं ओलं कोकरू बाहेर आलं, शिंकलं. त्याला पुसायला सून उघड्या हातांनीच धावली.

"थांब!" मावशी ओरडल्या. "आधी मोजं घाल. आंधळा असंना का, पर हात शाणा झालाय आता."