सपनाचा हेल

"माझं काही नाही, सारं त्याचंच," असं सिस्टर फिलोमिना उठता-बसता म्हणायची. कुणी तिच्या हातगुणाचं कौतुक केलं तरी तेच, अन् तिचं येशूचं गाणं घरोघरच्या मोबाईलवर वाजू लागलं तरी तेच.

ती वसईची. किन्हीराजाजवळच्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दवाखान्यामागच्या वाफ्यात गंगूबाई निंदण करायची. निंदता निंदता ती एक सूर लांबवायची, लांबवायची, अन् शेवटी मातीत सोडून द्यायची. सिस्टरला ती जात्यावरची ओवी वाटली. तिनं चाल उचलली, शब्द येशूचे घातले. कंपाउंडर विनोदनं ढोलकीचा ठेका जोडून गाणं यूट्यूबवर चढवलं. ते असं उठलं की नागपूर-पुण्याहून बोलावणी आली.

मग गावातल्या प्रसेनजितचं लग्न आलं. सिस्टर मांडवात बसलेली पाहून डीजेवाल्यानं मानानं तिचंच गाणं लावलं. पोरं नाचली. म्हाताऱ्या बाया मात्र पदर सावरून एकेक करत उठून गेल्या.

"काय झालं यांना?" तिनं विनोदला विचारलं.

विनोद चपलेकडं पाहत बोलला, "मायनं आता सांगतलं, शिस्टर. बाया मयतीले असा हेल काढून रडतात. लगनात कोन ऐकन?"

ताटावरून उठून ती तशीच गंगूच्या घरी गेली. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली लेकीचा, सपनाचा, फोटो होता. गंगू दारात तूर पाखडत होती.

"गंगूबाई, वाफ्यातली ती ओवी..."

"ओवी कायची माय? सपना गेली तवापासून रडून राह्यली मी. घरी रडलं तं सून कावते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुले लोक टाळ्या वाजवून राह्यले. म्या म्हटलं, शिकल्या बाईले रडनं कळत नसन काय?"

सिस्टरच्या तोंडी सवयीनं आलं, "माझं काही नाही, सारं..."

"त्याचं नाही, बाई. माह्या सपनाचं व्हतं."

सिस्टरचे कान तापले. "मी ते गाणं काढून टाकते."

"काढून काय व्हते? पोट्ट्यायच्या तोंडी बसलं. आता मी रडली तं म्हनतीन, बुढी शिस्टरचं गानं म्हनून राह्यली."

सिस्टरनं हात जोडले. गंगूनं ते घेतले नाहीत, झिडकारलेही नाहीत. सूप हलवत राहिली.

सिस्टर निघाली. पानठेल्यावर तेच गाणं लागलं होतं. कुणीतरी ओळखून "जय येशू, शिस्टर" म्हणालं. तिनं मान वर केली नाही. ती वळणाआड होईपर्यंत गंगू सूप मांडीवर धरून पाहत होती.