आत्यानं फोनवरून दिलेला बोल्ट कटर

आत्या कुठल्याच गिऱ्हाईकाला "या, बसा" म्हणाली नाही.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय कापायचंय?"

आज तिला जाऊन वर्ष झालं.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं हार्डवेअरचं दुकान. आत्यानं एकटीनं चालवलेलं. मी तिची भाची, हाताखाली शिकणारी.

खिळे, नळ, पेंट मी विकायचे. बोल्ट कटर, म्हणजे सळई-साखळी तोडायची लांब दांड्याची कात्री, फक्त ती.

"लांब दांडा बगून माणूस भुलतंय," म्हणायची. "दांडा जाड मालासाठी. कडक मालाला जबडाच कडक लागतो."

मग ती हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाली. दुकानात मी एकटी.

कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीकडचा एक मेंढपाळ धापा टाकत आला.

"अक्का, सगळ्यात मोठं कटर द्या. मेंढा मरायलाय."

चोरांच्या भीतीनं त्यानं मेंढ्याच्या गळ्यात भारीतली लॉकवाली साखळी घातली होती. किल्ली हरवली. मेंढा वाढला, गळा सुजला, आता श्वास घेता येईना. तसलीच दुसरी साखळी त्यानं पिशवीतून आणली होती.

माझा हात तीन फुटी कटरवर गेला. तिथंच थांबले आणि आत्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"कानस घासून बग. चावती का घसरती? घसरली तर माल कडक."

घसरली. साखळीवर साधा ओरखडा नाही.

"मग मोठं देऊ नको. ते साध्या सळईचं हाय, जबडाच फुटंल त्याचा. वरच्या फळीवरचं काढ, कडक तारेचं."

"बारकं हाय की ते," मेंढपाळ कुरकुरला.

आत्याला ऐकू गेलं. मग ती त्याच्याशी कानडीत बोलली. तिला दम लागत होता, पण आवाज तोच, काउंटरवरचा.

मला म्हणाली, "गळा आन कडीच्या मदी शिरंल एवढंच तोंड पायजे. आन वर ओला फडका धर म्हनावं. कडक लोखंडाचा तुकडा उडतो, मेंढ्याचा डोळा जाईल. पिशवीतली एक कडी हितंच तोड, मग दे."

खट्. तुटली.

"जबड्याला खाच पडली?"

"नाही."

"दे मग."

संध्याकाळी मेंढपाळाचा फोन. साखळी निघाली. मेंढा पाणी प्यायला.

मी धावत हॉस्पिटलमध्ये जाऊन आत्याला सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

"पिणारच की," म्हणाली. थोड्या वेळानं डोळे मिटूनच बोलली, "आता कटरसाठी मला फोन करायचा न्हाय. तुला जमतंय."

त्याच आठवड्यात ती गेली.

वर्षभर दुकान मी चालवतेय. तुटलेला कटर घेऊन एकही गिऱ्हाईक भांडायला आलेलं नाही. हे मी तिच्यासारखंच तोऱ्यात सांगते.

तरी कानस घसरली की हात आपोआप फोनकडे जातो.

आठवण येते, आत्या. लई येते.

पण फोन लावत नाही. तू नको म्हणालीस.

तुला मनापासून नमस्कार. दुकान उघडं आहे.