कॅन विसळल्याचं पाणी

आज दुधाचं पातेलं विसळून ते पाणी बाल्कनीतल्या हळदीकुंकवाच्या झाडाला घातलं. मातीतून दुधकट वास वर आला आणि मी थेट नेकनूरकडच्या आमच्या गावात पोचले.

दुष्काळाचं वर्ष होतं. आईवडील ऊसतोडीला गेलेले, मी आत्याजवळ. आत्या गावच्या दूध सोसायटीत कॅन धुवायची. विसळल्याचं पहिलं पाणी वासराला, दुसरं दारातल्या हळदीकुंकवाला, असा तिचा नेम. सगळं गाव मातीच्या रंगाचं झालेलं. त्यात तेवढीच फुलं केशरी-पिवळी.

एका संध्याकाळी पाहिलं, तर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्यांनी झाडाचा पार खराटा केलेला. मी रडत रडत काडीनं अळ्या पाडू लागले.

"ऱ्हाऊ दे गं," आत्या म्हणाली. "पोट भरलं की फुलपाखरं होऊन उडून जातेत. झाड काय, परत फुटतंय."

"आन् आई?"

"ती बी येती. झाड फुटू दे आदी."

मग तिनं उघड्या काड्यांच्या बुडाशी हळूहळू तांब्या ओतला.

जनावरं छावणीत गेल्यामुळं सोसायटी आठवडाभर बंदच होती. त्या पाण्याला दुधाचा वास नव्हता, एवढं तेव्हाही मला जाणवलं होतं. ते आत्याच्या वाट्याचं प्यायचं पाणी होतं, हे मात्र आज पातेलं विसळताना कळलं.