चांदणीची वीट

दादा मनमाडला जात होता, की मनमाडहून परत येत होता?

हे मी पोलिसांना विचारलं. ज्या ढाब्यासमोर त्याची गाडी पडली, त्या ढाबेवाल्याला विचारलं. ढाबेवाला म्हणाला, "पोरा, आम्ही माणूस उचलायला धावलो. गाडीचं तोंड कुठं होतं ते कोण बघतं?" पोलीस म्हणाले, "आता त्यानं काय फरक पडतो?"

पडतो. पण का पडतो ते सांगायचं तर आधी दादाच्या विटा सांगाव्या लागतात.

आम्ही गवंडी. रघू मिस्तरी आमचा मुख्य, त्याच्या हाताखाली माझा मोठा भाऊ, आणि भावाच्या हाताखाली मी. नाशिकमध्ये जिथं काम निघेल तिथं आम्ही. दादाचे किस्से चहाच्या वेळेला निघायचे. एकानं एक काढला की दुसरा म्हणायचा, "हे तर काहीच नाय, माझं ऐक." असे करत करत इतके साठले की चहा संपायचा पण किस्से संपत नसत. आता कोणी काढत नाही. माझ्याकडं बघतात आणि गुमान चहा पितात. म्हणून मीच सांगतो.

*

विटेच्या एका अंगाला खळगा असतो. त्या खळग्यात भट्टीवाल्याचं नाव नाहीतर खूण उमटलेली असते. वीट लावताना ते अंग वर ठेवायचं, त्यात सिमेंट-वाळूचा माल भरायचा आणि वरून दुसरी वीट दाबायची. म्हणजे नाव गेलं आत, कायमचं. आमच्या हातून लाखो विटा गेल्या असतील, पण त्यावर काय लिहिलंय ते आम्ही कोणी वाचलं नव्हतं.

दादानं वाचलं. एके दिवशी परांचीवर उभा राहून हातातली वीट त्यानं डोळ्यांजवळ नेली आणि रघू मिस्तरीला विचारलं, "मिस्तरी, हा बी. आर. पी. कोण?"

मिस्तरी भिंत सरळ चढतेय का बघायला ओळंबा धरून होता. वर न बघता म्हणाला, "तुझा सासरा. लाव ती वीट."

त्या दिवसापासून दादाच्या खिशात शंभर पानी वही आली. विटेवर पान ठेवायचं, वरून पेन्सिल आडवी घासायची, की खालची खूण पानावर उमटते. मग खाली लिहायचं: वीट कुठं सापडली, कोणत्या तारखेला, कोणत्या रंगाची. आम्ही दोघं भाऊ शाळेत काही फार टिकलो नाही. मी सातवीत सोडली, तो नववीत. पण त्या वहीतलं अक्षर बघाल तर म्हणाल, हा मास्तर व्हायला पाहिजे होता.

*

गंगापूर रोडला एका मोठ्या बिल्डिंगचं काम चालू होतं. विटांचा ट्रक आला की दादा खाली उतरायचा, दहा-बारा विटा उचलून उलट्या करायचा, पानावर घासायचा, काहीतरी लिहायचा. ट्रकवाला लांबून हे बघत होता. तिसऱ्या खेपेला त्यानं मला बाजूला घेतलं.

"तुमचे ते साहेब काय लिहितात रे?"

मी म्हणालो, "विटा तपासतात."

"नापास करतात का?"

"अजून ठरलं नाही."

पुढच्या ट्रकमध्ये अशा विटा आल्या की रघू मिस्तरीनं दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर घंटेसारखा आवाज निघाला. असा माल त्या साईटवर कधी आला नव्हता. इंजिनियर खूश, मालक खूश. दादा एकटा नाराज. म्हणाला, "भट्टी बदलली यांनी. मागची खूण माझी अर्धवट राहिली."

*

मग लग्न. मुलगी बघायला आम्ही निफाडच्या बाजूला एका गावात गेलो होतो. आई, दादा, मी आणि रघू मिस्तरी. बैठक ओट्यावर होती. जयभीम झाला, पाणी झालं, मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तर ओट्यावर दादा नाही. बघतो तर अंगणात कुंपणाला टेकून रचलेल्या जुन्या विटांसमोर उकिडवा बसलाय. एक वीट मांडीवर, वही तिच्यावर.

आईचा चेहरा पडला. मुलीचे वडील काही बोलायच्या आत मुलगीच बोलली, "पाहुणे विटा बघायला आलेत की मला?"

दादा दचकून उठला. हात लाल, शर्ट लाल. म्हणाला, "या विटा कोणत्या भट्टीच्या?"

मुलगी म्हणाली, "माझ्या आजोबांच्या. भट्टी बंद पडली. खालच्या अंगाला माझ्या आत्याचं नाव आहे, बघितलं का?"

ठरलंच तिथं. परत येताना जीपमध्ये मिस्तरी दादाला म्हणाला, "बघ, मी तुला काय बोल्लो होतो? सासरा विटेतूनच निघाला का नाय?"

ती आमची वहिनी. लग्नानंतर रोज सकाळी डब्याबरोबर दादाच्या पेन्सिलीला टोक काढून द्यायची. म्हणायची, "दुसऱ्यांच्या नवऱ्यांना तंबाखू लागते, माझ्याला हे."

*

भट्टीभट्टीवर जाऊन दादा एकच प्रश्न विचारायचा. जे नाव मालाखाली गाडायचंच असतं ते घालताच कशाला? सिन्नरच्या रस्त्याला एका भट्टीवर ऐंशीच्या घरातले एक बाबा भेटले. जन्म विटा थापण्यात गेलेला. आता खरं उत्तर मिळणार म्हणून दादानं वही उघडली. मीही गाडीवरून उतरून जवळ गेलो.

बाबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "साच्यात हाय, म्हणून उमटतं. काढायला कोन बसलंय?"

दादानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली रेघ ओढली. परत येताना मी गाडीवर मागं बसून हसत होतो. तो म्हणाला, "हसू नको. आजपर्यंत हा एकच माणूस खरं बोलला."

*

आमच्या वस्तीत विहाराचं काम श्रमदानानं निघालं तेव्हाचं. गावभरातून मिळतील तशा विटा जमवल्या होत्या, दहा ठिकाणच्या. सकाळी सगळे जमले, माल कालवून तयार झाला, आणि दादा म्हणाला, "थांबा. आधी खुणेप्रमाणे वेगळ्या करतो. एका थराला एकाच भट्टीच्या."

लोक वैतागले. "अरे, प्लास्टरखाली कोणाला दिसणार आहे?"

"मला माहीत असेल ना."

माल सुकायला लागला. रघू मिस्तरी एवढा चिडला की थापी टाकून सावलीत जाऊन बसला. दोन तासांनी काम सुरू झालं. पण ती भिंत पूर्ण झाल्यावर मिस्तरीनंच तिच्यावर हात फिरवला आणि मला हळूच म्हणाला, "कोन्ता थर कोनाचा, विचार त्याला." मी विचारलं. दादानं खालपासून वरपर्यंत सगळे थर सांगितले, वही न उघडता.

आजही विहारात वंदनेला बसलो की मी समोर बघत नाही. भिंतीकडं बघतो.

*

आता घरची वीट.

आमच्या दोन खोल्या वडिलांनी बांधल्या. मी तेव्हा आईच्या पोटात होतो, आणि मी चालायला लागायच्या आत वडील गेले. त्यांचा एक फोटो सोडला तर घर हीच त्यांची वस्तू. वहिनी आली तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीत धूर कोंडायचा, म्हणून दादानं खिडकीसाठी भिंत फोडली. कमरेइतक्या उंचीवर थर मोकळा झाला आणि एका विटेवरचा माल सुटून आला. खळग्यात चांदणी होती. खाली एक आडवी रेघ.

दादाच्या वहीत सव्वाशे खुणा होत्या. चांदणी नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझ्या वडिलांनी कुठून आणल्या मला काय ठाऊक? बैलगाडीतून आल्या एवढं आठवतं."

बस. काम तिथंच थांबलं. चौकट बसवली तर वीट झाकली जाणार, आणि ती कुठली ते कळल्याशिवाय दादा झाकू देईना. दोन वर्षं त्या भोकाला गोणपाट लावलेलं होतं. थंडीत वहिनी कुडकुडत भाकरी थापायची. शेजारणी विचारायच्या, "गवंड्याच्या घराला भोक कसं?" ती म्हणायची, "आमच्याकडं चौकशी चालू आहे."

एकदा मी वैतागून दादाला म्हणालो, "कळून काय मिळणार तुला?"

तो म्हणाला, "वडील कुठपर्यंत गेले होते ते कळेल."

*

मागच्या वर्षी माझं रघू मिस्तरीशी वाजलं. चूक माझी होती. थर वाकडा गेला, तो बोलला, मी थापी फेकली आणि तडक मनमाडला दुसऱ्या ठेकेदाराकडं गेलो. तिथं एक जुनं घर पाडून नवं बांधत होते, आणि निघालेल्या चांगल्या विटा परत वापरत होते. एका रविवारी दुपारी काम लवकर सुटलं. हात धुताना मी ढिगाकडं सहज पाहिलं. चांदणी. खाली रेघ.

दादाला फोन केला. "दादा, चांदणी सापडली."

तो म्हणाला, "रेघ आहे का?"

"आहे."

"खालीच ना?"

"खालीच."

"तिथून हलू नकोस. आलो."

मी वीट धुतली. नव्या भिंतीच्या खिडकीत ठेवली, दिसेल अशी. नाशिकहून मनमाड म्हणजे दोन तास तरी पाहिजेत. अर्धा तास मी बसलो. मग येवल्याच्या मित्राचा फोन आला, नवी गाडी घेतली, बघायला ये. मला वाटलं, जाऊन येतो पटकन. येवला काय लांब आहे? मी एस.टी. पकडली.

मी हललो.

बसमध्ये फोन वाजलेला कळला नाही. दादाचा एक मिस्ड कॉल. तो त्यानं रस्त्यात कुठं थांबून केला, की त्या खिडकीसमोर उभं राहून केला, मला माहीत नाही. मी उलट लावला तेव्हा कोणी उचलला नाही. नंतर उचलला तो ढाबेवाल्यानं. चांदवड-मनमाड रस्ता.

साईटवर रविवारी कोणी नव्हतं, त्यामुळं तो आलेला कोणी पाहिला नाही. गाडीच्या डिकीत वीट नव्हती. पण गाडी चार हातांतून गेली होती, आणि विटेचं कोणाला काय?

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी मनमाडला गेलो. खिडकीत वीट नव्हती. दादानं नेली म्हणावं तर भिंतही चार थर वर चढली होती, वीट त्यातही गेली असेल. मी पहार घेतली आणि ते नवे थर उसवायला लागलो. एक वीट, दुसरी, तिसरी. सगळ्या उलट्या करून बघत होतो. ठेकेदाराच्या माणसांनी मला धरलं तेव्हा अडीच थर उसवून झाले होते. चांदणी नव्हती. बाकीचे थर त्यांनी उसवू दिले नाहीत. त्यांनी रघू मिस्तरीला फोन केला. मिस्तरी नाशिकहून बसनं आला. माल कालवला आणि मी पाडलेली भिंत एकट्यानं परत लावून दिली. निघताना एवढंच म्हणाला, "चल. तुझा थर आता सरळ येतोय का बघू."

*

पोलिसांनी दादाच्या वस्तू पिशवीत दिल्या होत्या. फोन, कंगवा, घराची किल्ली, पेन्सिल. वही त्या दिवशी घरीच राहिली होती.

वहिनीनं पेन्सिल उचलून उलटसुलट करून बघितली. मग मला दाखवली. टोक पूर्ण झिजलेलं, एका बाजूनं चपटं. ती म्हणाली, "सकाळी मीच टोक काढून दिलं होतं."

मी म्हणालो, "वहिनी, दिवसभर कामावर होता. भिंतीवर खुणा करतोच माणूस."

"रविवारी?"

"रविवारीही काम होतं त्याला. अर्धा दिवस."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "वही नव्हती तर त्यानं कशावर घासलं असतं?"

"काहीही. कागदाचा तुकडा."

पिशवीत कागद नव्हता. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "पोचला होता का रे तो?" मी उठून बाहेर गेलो.

*

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाली, "थंडी यायच्या आत चौकट बसवून टाक."

मी रघू मिस्तरीकडून ओळंबा मागून आणला. गोणपाट काढलं. विटेवरची धूळ पुसली, पाणी मारलं, सुकू दिली. मग दादाची वही काढली आणि पहिलं कोरं पान त्या विटेवर ठेवलं. पिशवीतून आलेल्या त्याच्या पेन्सिलीला टोक काढलं नाही. आडवी धरून घासली. चांदणी आली, खाली रेघ आली. पानाखाली मी लिहिलं: मनमाड. पुढं त्या रविवारची तारीख टाकली. माझं अक्षर वाईट आहे, म्हणून दादाच्या अक्षराकडं बघत बघत सावकाश लिहिलं. आईला दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं चांदणीवरून बोट फिरवलं.

मग माल कालवला. पेन्सिल विटेच्या खळग्यात आडवी ठेवली, चांदणीखाली, रेघेवर. वरून माल भरला, चौकट ठेवली, ओळंबा लावून बघितला, आणि दादा ठोकायचा तसं थापीच्या मुठीनं दोनदा ठोकलं.